गुलाबावर गाठ दिसली? फवारणीआधी ती चिरून बघा

ऑक्टोबर छाटणीला सिकेटर हातात घेतलं की गुलाबाचं एकेक झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत नजरेखालून जातं. एरवी एवढ्या जवळून कोण बघतं? म्हणून फांदीवरची गाठ, पानावरचा फुगवटा हे सगळं याच दिवसांत सापडतं आणि मावळापासून उरुळी कांचनपर्यंत एकच प्रश्न कानावर येतो, "हिच्यावर काय मारू?"

आधी काहीच मारू नका. गाठ धारदार चाकूनं मधोमध चिरा.

आत कप्पे दिसले आणि त्यांत पांढुरकी, बिनपायांची अळी असली, तर गाठ करणाऱ्या बारीक गांधीलमाशीचा संशय घ्यावा. गुलाबावरच्या या माश्यांची प्रजाती डिप्लोलेपिस. युरोपातल्या रानगुलाबावर त्यांतली डिप्लोलेपिस रोझी ही जात नेहमी आढळते. माशी जेमतेम ३ ते ४ मिलिमीटरची. वसंतात ती कोवळ्या डोळ्यात, म्हणजे फुटू पाहणाऱ्या कोंबात, अंडी घालते, मग अळीभोवती झाडाच्याच पेशी वाढत जाऊन शेवाळाच्या गोंड्यासारखी हिरवी-तांबडी गाठ बनते. घर झाडाचं, अन्नही झाडाचंच. अळी हिवाळा आत काढते आणि पुढच्या वसंतात माशी होऊन बाहेर पडते. वर्षाला एकच पिढी, आणि त्यात नर अगदी थोडे.

अशा गाठीवर फवारा मारून अळी मरत नाही, कारण औषध आतपर्यंत पोचतच नाही. मरतात त्या अळीवर जगणाऱ्या परोपजीवी माश्या, म्हणजे आपल्याच बाजूच्या. गाठीखालून फांदी कापून जाळली की काम झालं. गाठीवर टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं असतील तर आतले कीटक आधीच उडून गेलेले असतात. अशा गाठीनं सहसा झाड मरत नाही, तेव्हा घाबरून जाऊ नका.

पण ही थंड मुलखातली गोष्ट झाली. आपल्याकडे गाठ बुंध्याशी, मातीलगत किंवा डोळा भरलेल्या, म्हणजे कलम बांधलेल्या जागी असेल, चिरल्यावर आतून भरीव, कप्पा नाही, अळी नाही, बाहेरून खडबडीत, तर तो क्राऊन गॉल समजा. हा जिवाणूचा रोग आहे आणि मला खरी काळजी याचीच वाटते. जिवाणू जखमेतून शिरतो. छाटणी, खुरपणी, कलम, प्रत्येक वेळी आपणच त्याला दार उघडून देतो. एका रोगट झाडावरून सिकेटर तसंच पुढच्या झाडाला लावलं की रोग ओळीनं चालत जातो. म्हणून दोन सिकेटर ठेवा, एक स्पिरिटमध्ये बुडालेलं, एक हातात, आणि झाडागणिक बदला. मजूर कंटाळतात हे मला माहीत आहे, तरी यात सूट देऊ नका. रोगट झाड मुळांसकट, भोवतीच्या मातीसकट काढून बांधाबाहेर जाळा. गाठ तासून मलम लावल्यानं झाड बरं होत नाही. त्या जागी निदान दोन वर्षं गुलाब नको. नर्सरीतून रोपं उतरवतानाच खुंट आणि मुळं हातानं चाचपून घ्या. डोळा भरलेल्या जागी थोडा गुळगुळीत फुगवटा असतोच, त्याला मात्र रोग समजू नका.

बारीक मुळांवर मण्यांसारख्या गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मातीतले अगदी बारीक जंत. त्याला निंबोळी पेंड आणि मातीची तपासणी, हा वेगळा विषय.

पानाच्या कडेला कात्रीनं कापल्यासारखे अर्धगोल दिसले तर ती पानकापी मधमाशी. ती पानं घरट्यासाठी नेते. तिच्यावर औषध मारणं म्हणजे परागीभवन करणारी माशी फुकट मारणं.

परदेशातून येताना कुणी हौसेनं गुलाबाची काडी पिशवीत घालून आणत असेल तर त्याला थांबवा. असली कीड अशीच येते. रोपं मागवायचीच असतील तर परवाना आणि विलगीकरणाच्या रीतसर वाटेनंच.

शंकास्पद गाठ सापडली तर फांदीच्या तुकड्यासह काचेच्या बरणीत घाला, तोंडाला मलमलीचं फडकं बांधा, तारीख आणि गुलाबाची जात चिठ्ठीवर लिहा. आतून काही बाहेर पडलं तर ते फेकू नका. बरणी पुण्यात शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात किंवा बारामती, नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. फेब्रुवारीच्या मालासाठी डिसेंबरात पुन्हा सिकेटर चालणार आहे, त्याआधी हे निदान हातात असू द्या.