बंद केलेला प्रोग्राम मागे चालूच आहे का? कमांड प्रॉम्प्टवरून असा शोधा

एक्सेलची फाइल उघडायला जावं, तर ती आधीच कुणीतरी उघडली आहे असा निरोप येतो. संगणक वापरणारे तर आपण एकटेच! बहुतेक वेळा हे ‘कुणीतरी’ म्हणजे मागे राहून गेलेलं एक्सेलच असतं. खिडकी मिटली तरी प्रोग्राम मेमरीत बसून राहू शकतो. हिशेबाच्या एखाद्या सॉफ्टवेअरने अहवाल काढायला पडद्यामागे एक्सेल सुरू केलेलं असतं आणि काम झाल्यावर ते नीट बंद केलेलं नसतं, असं बरेचदा घडतं. टास्कबारवर याची काहीच खूण दिसत नाही. विंडोजलाच विचारायचं.

खालच्या कमांड देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना अक्षरं आणि अंक इंग्रजीच हवेत. लहान-मोठ्या अक्षरांनी फरक पडत नाही, पण मोकळी जागा, तिरकी रेघ आणि अवतरणचिन्हं जिथल्या तिथे हवीत.

यादी मिळवा

विंडोजची कळ आणि ‘आर’ एकत्र दाबा. उघडलेल्या चौकटीत ‘सीएमडी’ लिहून एंटर करा. मग येणाऱ्या काळ्या खिडकीत, म्हणजेच कमांड प्रॉम्प्टमध्ये, ‘टास्क’ आणि ‘लिस्ट’ हे शब्द जोडून लिहा:

टास्कलिस्ट

भराभर लांबलचक यादी येईल. तिच्यातली एक ओळ अशी असते:

एक्सेल.ईएक्सई ८४१२ कन्सोल १ १४८,३१२ के

पहिलं प्रोग्रामचं नाव. दुसरा पीआयडी, म्हणजे त्या क्षणी त्या प्रोग्रामला मिळालेला क्रमांक. मग सत्राचं नाव आणि क्रमांक, शेवटी मेमरी किलोबाइटमध्ये. इथे साधारण १४५ एमबी. या सगळ्यात कामाची गोष्ट आहे पीआयडी. नावं सारखी असतात. क्रोम उघडलं की क्रोमच्याच दहा-पंधरा ओळी दिसतात, कारण टॅब, एक्स्टेन्शन आणि ग्राफिक्ससाठी ते वेगवेगळ्या प्रोसेस (मेमरीत स्वतंत्रपणे चालणारे भाग) चालवतं. क्रमांक मात्र एका वेळी एकाचाच असतो. प्रोग्राम बंद झाला की तो क्रमांक पुढे दुसऱ्याला मिळू शकतो, म्हणून कालचा टिपलेला पीआयडी आज वापरू नका.

यादी म्हणजे त्या क्षणाचा फोटो आहे. ती आपोआप बदलत नाही, पुन्हा पाहायची तर कमांड पुन्हा द्या. नाव २५ अक्षरांपेक्षा लांब असेल तर तक्त्यात ते कापलं जातं. पूर्ण नाव हवं असेल तर ‘टास्कलिस्ट /एफओ लिस्ट’ द्या.

नेमकं तेवढंच शोधा

पुष्कळ ठिकाणी ही पद्धत सुचवलेली दिसते:

टास्कलिस्ट | फाइंडस्टर /आय एक्सेल

मधली उभी रेघ बॅकस्लॅशच्या कळीवर शिफ्टसह मिळते, आणि ‘फाइंडस्टर’मध्ये ‘फाइंड’नंतर एस, टी, आर ही तीनच अक्षरं येतात. नाव शोधायला ही पद्धत ठीक आहे. क्रमांक शोधताना मात्र ती फसवते. ८४० शोधलंत तर ८४०८ आणि १८४० याही ओळी येतील, कधी मेमरीच्या आकड्यात ८४० असलेलीही. शिवाय अवतरणात दोन शब्द दिले तर फाइंडस्टर त्यांतला कुठलाही एक शब्द असलेली ओळ दाखवतं. म्हणून टास्कलिस्टची स्वतःची चाळणी वापरणं केव्हाही बरं:

टास्कलिस्ट /एफआय "इमेजनेम ईक्यू एक्सेल.ईएक्सई"
टास्कलिस्ट /एफआय "पीआयडी ईक्यू ८४१२"
टास्कलिस्ट /एफआय "मेमयूसेज जीटी ५०००००"

‘ईक्यू’ म्हणजे बरोबर तेवढंच, ‘जीटी’ म्हणजे त्याहून जास्त. शेवटची ओळ साधारण ५०० एमबीहून जास्त मेमरी खाणारे प्रोग्राम दाखवते. ‘.ईएक्सई’ विसरलात तर काहीच सापडत नाही. सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

एक्सेलच्या दोन ओळी आल्या आणि त्यांतली अडकलेली कुठली हे ठरवायचं असेल, तर चाळणीच्या कमांडच्या शेवटी ‘/व्ही’ जोडा. मग वापरकर्त्याचं नाव आणि खिडकीचं शीर्षकही दिसतं. समोर उघडलेल्या फाइलचं नाव जिच्या शीर्षकात आहे ती तुमची चालू प्रोसेस, तिला हात लावू नका.

एसव्हीसीहोस्टच्या इतक्या ओळी का?

एसव्हीसीहोस्ट.ईएक्सई डझनांनी दिसलं की व्हायरस शिरला असं वाटून लोक घाबरतात. हे विंडोजच्या सेवा, म्हणजे पडद्यामागची कामं, चालवणारं कवच आहे आणि ते अनेकदा दिसणं स्वाभाविक आहे. कुठल्या कवचात कुठली सेवा आहे ते ‘टास्कलिस्ट /एसव्हीसी’ सांगतं. खऱ्या शंकेच्या वेळी नाव पाहू नका, जागा पाहा. पॉवरशेल (कमांड द्यायची विंडोजमधलीच दुसरी खिडकी) उघडून हे द्या:

(गेट-प्रोसेस -आयडी ८४१२).पाथ

८४१२ च्या जागी संशयिताचा क्रमांक लिहा. खरं एसव्हीसीहोस्ट विंडोज फोल्डरमधल्या सिस्टम३२ मधून चालतं. उत्तर डाउनलोड्स किंवा टेम्प फोल्डर आलं तर काळजी योग्य आहे. उत्तर रिकामं आलं तर पॉवरशेल ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडून पुन्हा विचारा.

पोर्ट कुणी अडवलं?

पोर्ट म्हणजे नेटवर्कवरच्या जोडणीसाठी प्रोग्राम वापरतो तो क्रमांक. प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांना ‘पोर्ट ८०८० आधीच वापरात’ हा निरोप परिचयाचा असेल. त्यासाठी:

नेटस्टॅट -एएनओ | फाइंडस्टर :८०८०

‘लिसनिंग’ लिहिलेल्या ओळीचा शेवटचा आकडा म्हणजे पीआयडी. तो वरच्या चाळणीत टाकला की नाव कळतं. ‘टाइम वेट’च्या ओळीत पीआयडी शून्य असतो, ती नुकतीच संपलेली जोडणी आहे, सोडून द्या.

याच यादीत ‘फॉरेन ॲड्रेस’ असा रकाना असतो. त्याचा अर्थ जोडणीचं पलीकडचं टोक, परदेश नव्हे. ‘तुमच्या संगणकात परदेशातून कुणी घुसलंय’ असं सांगून फोनवरचे ठग हाच रकाना दाखवतात आणि पैसे उकळतात. घरच्या वडीलधाऱ्यांना हे आवर्जून सांगा.

बंद करताना

आधी सौम्यपणे:

टास्ककिल /पीआयडी ८४१२

यात प्रोग्रामला बंद होण्याची विनंती जाते, आणि फाइल साठवायची राहिली असेल तर तो विचारू शकतो. ‘सक्सेस’ म्हणजे विनंती पोचली, एवढंच. ऐकलं नाही तरच शेवटी ‘/एफ’ जोडा. तेव्हा विचारणा होत नाही आणि न साठवलेलं काम जातं. ‘ॲक्सेस इज डिनाइड’ आलं तर ती प्रोसेस दुसऱ्या खात्याची किंवा विंडोजची आहे. आधी ती कुणाची आहे ते पाहा, मगच ॲडमिनिस्ट्रेटरच्या खिडकीकडे वळा.

‘/आयएम एक्सेल.ईएक्सई’ असं नावाने बंद करू नका. उघड्या चांगल्या फाइलीही त्यात जातात. सीएसआरएसएस, विनलॉगऑन आणि एलएसएएसएस यांच्या वाटेला तर जाऊच नका, अख्खा संगणक बंद पडतो. चुकून एक्सप्लोरर.ईएक्सई बंद होऊन टास्कबार गायब झाला, तर त्याच काळ्या खिडकीत ‘एक्सप्लोरर’ लिहून एंटर करा, परत येईल.

शेवटी पीआयडीची चाळणी पुन्हा चालवा. ‘नो टास्क्स आर रनिंग’ असे शब्द असलेला निरोप आला की ती प्रोसेस गेली, आता फाइल उघडून पाहा. तरीही अडली, तर तिला दुसऱ्याच प्रोग्रामने धरलेलं आहे, आणि ते टास्कलिस्टला दिसत नाही. विंडोज आणि ‘आर’च्या चौकटीत ‘रेसमॉन’ (आर, ई, एस, एम, ओ, एन) लिहा, सीपीयूच्या पानावर ‘असोसिएटेड हँडल्स’च्या शोधपट्टीत फाइलचं नाव टाका. धरून बसलेल्याचं नाव आणि पीआयडी तिथे मिळेल.