लिनक्स ड्रायव्हरमधला इंटरप्ट वेळेत कसा हाताळायचा

इंटरप्ट म्हणजे उपकरणाने प्रोसेसरला दिलेली 'लक्ष दे' ही हाक, आणि तिला उत्तर देणारा कोड म्हणजे हँडलर. नोव्हेंबर २०२४ च्या लिनक्स ६.१२ पासून प्रीएम्प्ट_आरटी, म्हणजे ठरल्या वेळेत प्रतिसाद देणारा रिअल-टाइम (आरटी) पर्याय, मुख्य कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) आहे. एक्स८६, आर्म६४ आणि रिस्क-व्हीसाठी वेगळा पॅच लावावा लागत नाही. कर्नल कॉन्फिगरेशनमध्ये आधी 'एक्सपर्ट' चालू करा, म्हणजे रिअल-टाइमचा पर्याय दिसू लागतो. बूट झाल्यावर 'यूनेम -व्ही'च्या उत्तरात प्रीएम्प्ट_आरटी हा शब्द शोधा. तो नसेल तर मशीन जुन्याच कर्नलवर चालू झालंय.

आता ड्रायव्हर. आय-टू-सी बसवरचा (दोन तारांच्या संथ जोडणीवरचा) एखादा एक्सेलरोमीटर (त्वरण मोजणारा सेन्सर) घेऊ. नवं मोजमाप तयार झालं की तो इंटरप्टची पिन खाली ओढतो आणि डेटा वाचेपर्यंत खालीच धरून ठेवतो. ४०० किलोहर्ट्झवर एका बाइटला पोचपावतीसकट नऊ बिट, म्हणजे २२.५ मायक्रोसेकंद लागतात. पत्ता, रजिस्टर, पुन्हा पत्ता आणि डेटाच्या सहा बाइट धरल्या तर एका वाचनाला २०० मायक्रोसेकंदांहून जास्त वेळ जातो, आणि तेवढा वेळ वाचणारा झोपलेला असतो. हार्ड इंटरप्टमध्ये, म्हणजे हाक येताच चालू काम थांबवून धावणाऱ्या कोडमध्ये, झोपायला मनाई आहे. म्हणून रिक्वेस्ट_थ्रेडेड_आयआरक्यू वापरा: पहिल्या हँडलरच्या जागी नल (काहीच नाही), दुसऱ्या जागी थ्रेडचं (वेगळं धावणाऱ्या, झोपू शकणाऱ्या कामाचं) फंक्शन आणि फ्लॅगमध्ये आयआरक्यूएफ_वनशॉट.

वनशॉटमुळे थ्रेडचं काम संपेपर्यंत ती लाइन बंद राहते. तो नसता तर पिन खालीच असल्यामुळे इंटरप्ट पुन्हा पुन्हा येत राहिला असता, आणि थ्रेडला धावायची संधीच मिळाली नसती. म्हणूनच नल हँडलर देऊन वनशॉट विसरलात, तर कर्नल सहसा उणे २२ (अवैध विनंती) ही एरर देऊन विनंती फेटाळतो.

विनंती कधी करायची, यातही लोक चुकतात. विनंती यशस्वी झाल्या क्षणापासून इंटरप्ट येऊ शकतो. त्यामुळे बफर, लॉक, वेट-क्यू (वाट बघणाऱ्यांची रांग) आधी तयार हवेत आणि चिपच्या स्टेटस रजिस्टरमधले जुने बिट आधी पुसलेले हवेत. प्लॅटफॉर्म_गेट_आयआरक्यूने एरर दिली तर तीच वर परत करा. 'नंतर पुन्हा प्रयत्न कर' हा निरोपही त्यातूनच येतो. त्याऐवजी भलतीच एरर परत केली तर ड्रायव्हर कधीच लागत नाही.

रजिस्टर थेट मेमरीत दिसणारं उपकरण असेल, तर पहिला हँडलर स्वतः लिहायला हरकत नाही. त्याने तीनच गोष्टी कराव्यात: स्टेटस वाचणं, उपकरणाचा इंटरप्ट बंद करणं आणि आयआरक्यू_वेक_थ्रेड ('थ्रेडला उठव') परत करणं. स्टेटसमध्ये आपलं काही नसेल तर आयआरक्यू_नन ('हा माझा नाही'). सामायिक लाइनवर हे फार महत्त्वाचं आहे: एक लाख इंटरप्टपैकी ९९,९०० हून जास्त कुणीच स्वीकारले नाहीत, तर कर्नल 'नोबडी केअर्ड' असं लिहून ती लाइनच बंद करतो.

इथे एक खाचखळगा आहे. आरटी कर्नल साध्या हँडलरला आपोआप थ्रेडमध्ये ढकलतो, पण वनशॉट लावलेला पहिला हँडलर खऱ्या हार्ड इंटरप्टमध्येच राहतो. लॉक म्हणजे सामायिक डेटा एका वेळी एकालाच वापरू देणारं कुलूप. आरटीवर स्पिनलॉक_टी हा झोपू शकणारा लॉक असतो, आणि स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्हने इंटरप्ट बंदही होत नाहीत. तेव्हा या हँडलरमध्ये आणि थ्रेडमध्ये सामायिक असलेल्या डेटासाठी रॉ_स्पिनलॉक_टी हा न झोपणारा लॉकच हवा. तो धरला असताना केमॅलॉकने मेमरी मागणं नको. 'न झोपता दे' सांगणारा जीएफपी_ॲटॉमिक फ्लॅग दिला तरी नको. काँफिग_डीबग_ॲटॉमिक_स्लीप चालू ठेवून चाचणी घ्या, म्हणजे अशी चूक 'स्लीपिंग फंक्शन कॉल्ड फ्रॉम इनव्हॅलिड कॉन्टेक्स्ट' असं ओरडून सांगते. आणि मेसेज थांबवायला म्हणून सगळीकडे रॉ लॉक पेरू नका. आरटीचा फायदा तिथेच संपतो.

प्रत्येक इंटरप्ट थ्रेड स्केड_फिफो या रिअल-टाइम रांगेत ५० प्राधान्याने सुरू होतो. थ्रेडचं नाव 'आयआरक्यू/४७-नाव' अशा धाटणीचं असतं. त्याचा पीआयडी (ओळख क्रमांक) शोधून 'सीएचआरटी -एफ -पी ८०' ने प्राधान्य वाढवा. आमच्या मते सर्वांत जास्त वेळ इथेच वाया जातो: लोक सेन्सरचा थ्रेड ८० वर नेतात, पण आय-टू-सी कंट्रोलरचा थ्रेड ५० वरच राहतो. सेन्सरचा थ्रेड कंट्रोलरच्या इंटरप्टची वाट बघत असतो, म्हणजे खरा वेग ५० चाच. साखळीतली प्रत्येक कडी वर न्यावी लागते. उलट बाजूने, ९० वर अखंड फिरणारा तुमचा प्रोग्रॅम त्याच कोअरवर असेल, तर तो या दोघांनाही उपाशी ठेवेल. म्हणून /प्रॉक/आयआरक्यू मधल्या एसएमपी_ॲफिनिटीने इंटरप्ट वेगळ्या कोअरवर बांधा. आधी आयआरक्यूबॅलन्स ही सेवा थांबवा, नाहीतर ती तुमची नेमणूक बदलेल.

उशीर मोजायला सायक्लिकटेस्ट हे साधन: मेमरी लॉक केलेली, प्राधान्य ८०, अंतर २०० मायक्रोसेकंद, सर्व कोअरवर. सोबत स्ट्रेस-एनजीचा भार टाका आणि काही तास चालू द्या. सरासरी बघू नका, फक्त कमाल आकडा बघा. मात्र ही चाचणी टायमरवर जाग येण्याचा उशीर मोजते, तुमच्या उपकरणाचा नाही. त्यासाठी थ्रेडच्या पहिल्या ओळीत एखादी जीपीआयओ (कोडने वर-खाली करता येणारी) पिन वर करा आणि ती पिन व सेन्सरची पिन ऑसिलोस्कोपवर शेजारी लावा. स्कोप नसेल तर एफट्रेसमध्ये (कर्नलच्या घटना-नोंदीत) आयआरक्यू_हँडलर_एन्ट्री आणि स्केड_स्विच या घटनांच्या वेळांची वजाबाकी करा.

भार नसतानाच उशीर जास्त दिसला, तर कोअर गाढ झोपेत जातोय असं समजा. /डेव्ह/सीपीयू_डीएमए_लेटन्सी उघडून त्यात शून्य लिहा आणि ती फाइल उघडीच ठेवा; बंद केली की परिणाम जातो. एक्स८६ वर तरीही अधूनमधून उडी दिसली तर एचडब्ल्यूलॅटडिटेक्ट हे कर्नलबाहेरून पडणारे खंड शोधणारं साधन चालवा. तिथेही खंड सापडले तर दोष फर्मवेअरचा असतो, आणि तो ड्रायव्हरमधून दुरुस्त होत नाही.