फुलांच्या राजकन्येसाठी रंगसंगती
मुलीच्या वाढदिवसाला फुलांच्या राजकन्येची सजावट करायची असेल, तर मोबाइलच्या पडद्यावरून रंग निवडण्याऐवजी सकाळी लवकर दादरच्या फूलबाजारात जाऊन एखादा गजरा नीट न्याहाळावा. मरवा गुंफलेल्या अबोलीच्या गजऱ्यात फिकट केशरी, गडद नारिंगी आणि हिरवा हे रंग किती सुंदर जुळलेले असतात! साधारण 60 टक्के जागा मोगऱ्याच्या दुधाळ पांढऱ्याला, 30 टक्के अबोलीला द्यावी आणि उरलेल्या 10 टक्क्यांत हिरवा व सोनेरी बसवावा. सोनेरी मात्र मुकुट आणि किनारीपुरताच ठेवावा, कारण तो पसरला की फुलांचा नाजूकपणा हरवतो. कापड घेण्यापूर्वी त्याचा तुकडा समारंभाच्या जागेतील दिव्यांखाली अवश्य पाहावा. पिवळ्या उजेडात फिकट जांभळा मळकट दिसतो, त्यामुळे संध्याकाळच्या कार्यक्रमात तो टाळलेलाच बरा.