आंब्याची कोय रुजवायची तर वाळू देऊ नका

आंबा खाऊन झाला की कोय कोपऱ्यात टाकून 'पाऊस पडला की लावू' असं म्हणू नका. वाळलेली कोय रुजत नाही. आठवड्याभरात लावलेली बरी. धुऊन, रेषे खरवडून ती दिवसभर सावलीत ठेवा. मग कडेची शीर कात्रीने कापा आणि टरफल उकलून आतली बी अलगद काढा. कात्री खोल घालू नका, बीला जखम झाली की बुरशी धरते. बी टणक आणि फिकट हवी. भुंग्याने पोखरलेली निघाली तर सरळ फेकून द्या. टरफलासकट लावली तरी चालते, पण मग आत काय आहे ते कळत नाही आणि कोंब यायला वेळही जास्त लागतो.

कुंडी खोल घ्या, सोटमूळ सरळ खाली जातं. बाकाची फुगीर बाजू वर ठेवून बी दोनेक सेंटीमीटर मातीखाली जाऊ द्या. माती दमट ठेवा, चिखल नको. दोन-तीन आठवड्यांत कोंब येतो. पहिली पानं तांबूस आणि लोंबती असतात, ती रोगट समजून उपटू नका!

हापूसच्या कोयीतून हापूसच मिळेल असं मात्र धरू नका. ते झाड रायवळच, म्हणजे कोयीपासून वाढलेलं, जातीची खात्री नसलेलं, आणि फळाला सहा-आठ वर्षं सहज जातात. हापूसच हवा असेल तर पानं तांबूस असतानाच त्या रोपावर हापूसच्या काडीचं कलम बांधून घ्या. कोकणातल्या रोपवाटिकांत कोय कलम असंच करतात.