जुना पॉवरशॉट भंगारात काढण्याआधी या चुका टाळा

कपाटातला जुना कॅमेरा काढला, सेल घातले, लेन्स अर्धवट बाहेर आली आणि सगळं बंद. लगेच निकाल लागतो : गेला कामातून. कॅननच्या 2003 सालच्या पॉवरशॉट ए70 बाबतीत हा निकाल बऱ्याचदा घाईचा असतो. 3.2 मेगापिक्सल, 3 पट ऑप्टिकल झूम, वर शटर (प्रकाश किती वेळ आत घ्यायचा) आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र किती उघडायचं) स्वतः ठरवायची सोय. एवढा गुणी कॅमेरा सेलपायी टाकू नका.

सगळ्यात जास्त घोळ सेलचाच होतो. याला एए मापाचे 4 सेल लागतात. भिंतीवरच्या घड्याळात वर्षभर चालणारे साधे सेल इथे तग धरत नाहीत, कारण लेन्सची मोटर आणि फ्लॅश एकदम भरपूर वीज ओढतात, व्होल्टेज कोसळतं आणि कॅमेरा बंद पडतो. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेलवर 1.2 व्होल्ट लिहिलेलं पाहून, कमी पडतील म्हणून लोक ते टाळतात. तेच घ्या, जोर पडला की तेच टिकतात. चारही एकाच जातीचे, एकदमच चार्ज केलेले हवेत, एक जरी अशक्त असला तरी बाकीचे तीन वाया. कप्प्यातल्या पट्ट्यांवर पांढरी-हिरवट पूड साचली असेल तर काडीला कापूस गुंडाळून व्हिनेगरचा जेमतेम ओलावा द्या, हलक्या हाताने पुसा, पूर्ण वाळू द्या. आणि वापर संपला की सेल काढून ठेवा!

फोटो साठवायचं कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड तिरकं रेटू नका. आत 50 बारीक पिना आहेत, एक वाकली तरी कार्ड वाचलं जात नाही. कार्ड 2 जीबी किंवा त्याहून लहान घ्या आणि जुने फोटो उतरवून झाल्यावर कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

पडद्यावर 'ई18' आलं म्हणजे लेन्स अडकली. पाऊचमध्ये चुकून बटण दाबलं जाणं, वाळूचा कण जाणं ही नेहमीची कारणं. लेन्स हाताने ओढू नका.

फोटो काळे किंवा जांभळट, रेघारेघांचे येतात? आधी कार्डावरचे जुने फोटो लावून बघा. ते स्वच्छ दिसले तर पडदा ठीक आहे, दोष सीसीडी सेन्सरचा, म्हणजे प्रकाश टिपून फोटो बनवणाऱ्या भागाचा. उष्ण, दमट हवेत सेन्सरच्या आतली जोडणी सुटते, असं कॅननने 2005 मध्ये जाहीर केलं होतं आणि हा दोष असलेल्या मॉडेलांत ए70 होता. कोकणात, मुंबईत वापरलेला कॅमेरा विकत घेताना ही तपासणी केल्याशिवाय पैसे देऊ नका. यावर घरगुती इलाज नाही.

डिजिटल झूम मेन्यूतून बंदच ठेवा. तो फक्त मधला तुकडा ताणून दाखवतो. जवळची फुलं टिपताना मात्र कॅमेऱ्यावरच्या डोळा लावायच्या छोट्या काचेच्या खिडकीतून न बघता पडद्यावर बघा, नाहीतर फूल चौकटीबाहेर जातं.

एवढं करूनही चालू झाला नाही तर स्क्रू उघडायला बसू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) सुमारे 300 व्होल्ट असतात आणि सेल काढले तरी ते लगेच उतरत नाहीत. जुने कॅमेरे दुरुस्त करणाऱ्याकडेच न्या.