पडलेली गाडी एकटीला उचलता आली पाहिजे: भंडारदऱ्याच्या कच्च्या वाटा आणि तंबूतला मुक्काम

माझं वजन ५२ किलो, माझ्या एक्सपल्स मोटारसायकलचं दीडशेच्या वर. भांडुपहून भंडारदऱ्याला निघायच्या आदल्या रात्री सगळं सामान गाडीला बांधलं की सोसायटीच्या आवारात जुनी गोधडी अंथरून मी गाडी तिच्यावर आडवी करते आणि उचलून बघते. उचलली गेली तर पहाटे निघायचं. नाही तर बॅग सोडायची आणि काहीतरी घरी ठेवायचं. पहिल्या मजल्यावरच्या काकू आता खिडकीतूनच विचारतात, "उचलली का गं?"

परळच्या एका रुग्णालयात हाडांच्या वॉर्डात मी नर्स आहे. बाइकवरून पडलेली माणसं रोज बघते, म्हणून हे कळकळीनं सांगते. कच्च्या वाटेवर गाडी पडणार, पहिल्या दिवशी दोन-तीनदा तरी. कमीत कमी दोन गाड्या सोबत असाव्यातच, पण तुम्ही पडता तेव्हा सोबतीण नेमकी पुढच्या वळणाच्या पलीकडे असते. उन्हात, चढावर, दमलेल्या अंगानं गाडी ओढताना लोक पाठ धरून बसतात.

उचलायची रीत अशी. आधी किल स्विच, म्हणजे हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण, दाबा. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आत्ताच बाहेर काढून ठेवा, नाही तर उचललेली गाडी पलीकडे जाऊन पडेल. डाव्या अंगावर असेल तर स्टँड खाली दबलेला असतो. तेव्हा गाडी गिअरमध्ये आहे ना, एवढं नक्की बघा. हँडल पूर्ण वळवून पुढच्या चाकाचं तोंड जमिनीकडे करा. आता गाडीकडे पाठ करून खाली बसा, कंबरेखालचा भाग सीटच्या कडेला टेकवा, एका हातानं खालची मूठ धरा, दुसऱ्यानं मागची दांडी. पाठ सरळ ठेवून छोटी छोटी पावलं मागे टाकत पायांनी रेटा. ताकद मांड्यांची लागते, दंडांची नाही. वॉर्डात पेशंटला उठवून बसवतानाही आम्ही हेच करतो. उभी राहिली की दोन-चार मिनिटं थांबून मग स्टार्टर मारा.

सामान बारा किलोच्या आत बसवते मी. अडीच किलोचा तंबू, झोपायची पिशवी, चटई, छोटा गॅस, एक पातेलं, तांदूळ-मूगडाळ, तीन लिटर पाणी, एक जोडी कोरडे कपडे. जड वस्तू खाली आणि सीटला चिकटून. मागच्या लाइटवर लोंबणारी बॅग चढावर पुढचं चाक हलकं करते. हुकवाली रबरी दोरी वापरू नका. माझ्या एका फेरीत तिचा हुक सुटून दोरी चेनमध्ये गेली, आणि भर उन्हात दोन तास चाकूनं तुकडे काढत बसावं लागलं. बक्कलवाले पट्टेच घ्या.

हत्यारांत दोन टायर लिव्हर, पायपंप, हवेचा गेज, पंक्चरचं सामान, चेनची एक जादा कडी, क्लचची जादा लिव्हर आणि एम-सील. दगड लागून इंजिनाला बारीक चीर गेली तर एम-सील घरापर्यंत आणतं. पुढच्या २१ इंची चाकाची एकच ट्यूब जवळ ठेवा. अडल्या वेळी ती मागच्या १८ इंची चाकातही बसते.

आता वाट. भिवंडीचे ट्रक सुरू व्हायच्या आत ठाणं ओलांडायचं, म्हणजे साडेचारला निघायचं. शहापूर, कसारा घाट, इगतपुरी, मग घोटीला उजवीकडे वळून कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावावरून धरणाजवळचं शेंडी गाव. साधारण दीडशे किलोमीटर. पेट्रोल घोटीला भरा, टाकी अर्धी असली तरी. नकाशा घरूनच फोनमध्ये उतरवून घ्या. धरणाच्या मागच्या अंगाला रेंज येते-जाते. हा सगळा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. नाक्यावर पावती फाडा आणि रानात स्वतःची नवी वाट पाडू नका. रतनवाडी, साम्रद, घाटघर या बाजूला डांबरीवरून शेतांकडे उतरणाऱ्या बैलगाडीच्या वाटा आहेत, शिकणाऱ्याला त्या पुरून उरतात. पण त्या कुणाच्या तरी शेतात जातात. समोर माणूस दिसला की इंजिन बंद करून विचारायचं, "दादा, इथनं जाऊ का?" खाचराच्या बांधावर चाक घालायचं नाही. बांध फुटला की पुढच्या पावसाळ्यात त्या घरच्या भाताचं पाणी वाहून जातं.

माती सुरू झाली की हवा कमी करा. मी पुढे १८, मागे २० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवते. टायर दगडाला कवटाळतो, घसरत नाही. याहून खाली जाऊ नका, कारण रिम दगडावर आपटून आतली ट्यूब चिमटते.

उभं राहून चालवणं मुंबईतच शिका. रविवारी सकाळी सर्व्हिस रोडला वर्दळ नसते. पावलं फुटरेस्टवर, गुडघ्यांनी टाकी धरलेली, कोपर बाहेर, नजर लांब. हँडल घट्ट धरू नका, गाडीला खाली हलू द्या. आणि माझ्या वॉर्डाची शपथ घातल्यासारखं ऐका: तोल गेला की पाय बाहेर टाकू नका. हळू चाललेल्या गाडीखाली पाय अडकतो आणि घोटा पिळवटतो. नुसतं पडलेलं माणूस झटकून उठतं. पाय टाकलेलं आमच्याकडे येतं. घोट्याच्या वरपर्यंत येणारे कडक बूट आणि नीगार्ड यांवर पैसे खर्च करा, इंडिकेटर-लाइट नंतर.

चढाला दुसरा गिअर, खालूनच वेग धरायचा, मध्ये सोडायचा नाही. अर्ध्यावर गाडी बंद पडली तर नुसता पुढचा ब्रेक धरून उपयोग नाही, चढावर सगळं वजन मागच्या चाकावर असतं आणि पुढचं घसरतं. गाडी गिअरमध्येच राहू द्या, क्लच सोडा, इंजिनच मागचं चाक धरून ठेवतं. श्वास घ्या. मग क्लच थोडा थोडा दाबत गाडी मागे जाऊ द्या, हँडल वळवा, आडवी झाली की चढाच्या बाजूला झुकवून तोंड खाली करा. उताराला पहिला गिअर, क्लचवरून हात काढा, मागचा ब्रेक हलका. माझ्या जुन्या मॉडेलला पुढच्या चाकाला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, आहे. मुरमावर तो ब्रेक सोडत राहतो आणि गाडी घरंगळते. म्हणून वेग उताराच्या आधीच कमी करायचा.

ओढा आधी चालून बघा. पाणी चाकाच्या आसापर्यंत असेल तर ठीक, गुडघ्याच्या वर असेल तर परत फिरा. ओढ्यावरची सिमेंटची फरशी सपाट दिसते पण तिच्यावर शेवाळ असतं. रतनवाडीच्या मावशी पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "हिरव्यावर चाक नको घालू पोरी, गोट्यावरनं जा." पाण्यात गाडी पडून इंजिन बंद झालं तर स्टार्टर अजिबात दाबू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, आतला रॉड वाकतो. ढकलत बाहेर आणा, प्लग काढा, मग स्टार्टर मारून पाणी फेकून द्या.

मुक्कामाला चारच्या आत पोहोचा. तंबू गावातच, कुणाच्या तरी जागेत, विचारून. कोरड्या ओढ्यात नको, एकट्या झाडाखाली नको, कड्याच्या काठावर तर नकोच. तंबूचं दार तलावाकडून येणाऱ्या वाऱ्याला पाठ करून. एका नोव्हेंबरात मी मावशींच्या अंगणालगतच्या छान सपाट जागेत तंबूच्या खुंट्या ठोकल्या. ते सारवलेलं खळं होतं, दुसऱ्या दिवशी झोडणी. त्या काही बोलल्या नाहीत, शेणकाला घेऊन भोकं बुजवायला बसल्या. मीही बसले, तिथंच बोट फिरवून सारवायला शिकले. तेव्हापासून खुंटी मारायच्या आधी मी विचारते, इथं काय असतं?

शेकोटी पेटवू नका, गवत वाळलेलं असतं. जेवण शक्यतो गावातच सांगा. पिठलं-भाकरीचे पैसे त्यांनी मागायच्या आधी द्या, आणि खिचडीचं सामान अडीनडीला राहू द्या. डिसेंबर-जानेवारीत पहाटे हात काकडतात, कानटोपी हवीच.

बूट तंबूच्या आत ठेवा आणि घालताना झटका. मण्यार रात्री फिरते, फुरसं दगडाखाली असतं. चावलं तर चिरू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. अंगठी-बांगड्या काढा, तो हात-पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवा, १०८ ला फोन करा आणि जवळच्या सरकारी दवाखान्याकडे निघा.

सकाळी निघताना चेनवरची माती पुसून तेल द्या, आरशांचे आणि कॅरिअरचे बोल्ट हातानं तपासा. डांबरीला लागलात की पंपानं हवा भरा, घोटीला गेजनं परत बघा. १८ हवेवर कसारा घाट उतरणं धोक्याचं आहे. दवानं भिजलेला तंबू तसाच गुंडाळावा लागला असेल तर घरी आल्यावर बॅगा खोलायच्या आधी तो गच्चीवर पसरा. आठवडाभर ओला राहिला की बुरशी धरतो.