गड्डा संपला की वही काढा

सिद्धेश्वरांचा गड्डा, म्हणजे सोलापूरची जानेवारीतली जत्रा, संपत आला की आमच्या घरी कुत्र्या-मांजराची वही बाहेर निघते. हीच वेळ का, तर होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम होईपर्यंत आमचा मोत्या दिवाणाखालून बाहेर येत नाही, आणि मार्च सरला की सोलापूरचं ऊन त्याला रिक्षात बसू देत नाही. वर्षभराचं जे काही उरकायचं ते या मधल्या दिवसांत उरकून घ्यायचं.

आधी वजन. साध्या काट्यावर आपण एकटे उभं राहायचं, मग कुत्र्याला उचलून, आणि वजाबाकी करायची. जंताचं औषध वजनावर ठरतं, त्यामुळं ‘असेल पंधरा-वीस किलो’ असं डॉक्टरांना सांगण्यात अर्थ नाही. पिल्लाला तीन महिन्यांचं होईपर्यंत दर दोन आठवड्यांनी, सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला आणि मोठ्या जनावराला साधारण तीन महिन्यांतून एकदा औषध, असा सर्वसाधारण हिशोब असतो. मागचं कधी दिलं ते वहीत लिहिलेलं असलं तरच तो जमतो.

मग लसी. सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पहिली लस, पुढं दर तीन-चार आठवड्यांनी, आणि शेवटचा डोस सोळा आठवड्यांचं झाल्यावर. ‘एक टोचलीय की’ म्हणून लोक थांबतात आणि पिल्लू पार्वोत, म्हणजे उलट्या-जुलाबांच्या जीवघेण्या साथीच्या रोगात, जातं. आईच्या चिकातून मिळालेली ताकद अंगात असते तोवर ती लसीलाही काम करू देत नाही. ती नेमकी कोणत्या आठवड्यात ओसरेल ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं, म्हणून पुन्हा पुन्हा टोचावं लागतं. डोस पुरे होईपर्यंत पिल्लाला गल्लीत सोडू नका. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर आणि पुढं दरवर्षी.

मांजराचंही तसंच आहे. आठ-नऊ आठवड्यांपासून तीन रोगांची एकत्र लस, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, शिवाय रेबीज. ‘मनी कुठं बाहेर जाते?’ असं आमची आई अजून विचारते. मनी जात नाही, पण गच्चीवर बोके येतात, आणि रेबीज मांजरालाही होतो, मांजरामुळं माणसालाही होतो. म्हणून यादीत आणखी एक वस्तू ठेवा. अंगणातल्या नळाजवळ साबणाची वडी. कुणालाही चावलं, ओरखडलं तर वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं साबणानं धुवायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा. हळद, चुना, मिरचीपूड काही नाही.

लस २ ते ८ अंश तापमानात राहिली पाहिजे. मी एकदा ऐन मे महिन्यात औषधाच्या दुकानातून बाटली शर्टाच्या खिशात घालून आणली होती. डॉक्टरांनी हातात घेतली, माझ्याकडं बघितलं आणि बाजूला ठेवली. पैसे गेले, बोलणीही खाल्ली. तेव्हापासून लस त्यांच्याच फ्रीजमधली घेतो, तारीख बघतो आणि बाटलीवरचं लेबल वहीत चिकटवून घेतो. टोचल्यावर अर्धा तास तिथंच बसा. तोंड सुजलं, उलटी झाली, तर डॉक्टर समोर असलेले बरे.

गोचीड हे आपल्याकडचं खरं दुखणं. अंगावर दिसतात त्याहून कितीतरी जास्त भिंतीच्या फटीत असतात, जुन्या दगडी घरांत तर विचारू नका. नुसतं कुत्र्याला औषध लावून भागत नाही, त्याची बसायची जागा आणि फटीही साफ कराव्या लागतात. जेवण सोडलं, ताप आला, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, नाकातून रक्त आलं तर गोचीडतापाची रक्ततपासणी करायला सांगा. आणि कुत्र्याच्या गोचिडाचं औषध मांजराला कधीच लावू नका. त्यातलं परमेथ्रिन मांजराचा जीव घेतं. पॅरासिटामॉलचंही तेच, मांजराला एक गोळीसुद्धा जीवघेणी ठरते.

नसबंदीचा विषयही याच भेटीत काढा. कुत्रीची पहिल्या माजाआधी केली तर पुढं स्तनात गाठी होण्याचा धोका बराच कमी होतो. वय आणि वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवा.

स्वयंपाकघरात दोन डबे वरच्या फळीवर. एक शेंगाच्या चटणीचा, कारण त्यात लसूण असतो. कडक भाकरीचा तुकडा चटणीला लावून कुत्र्याला टाकायची हौस इथं घरोघरी आहे. दुसरा बेदाण्यांचा. द्राक्षं-बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, आणि आपल्या जिल्ह्यात पाहुणे येतात ते बेदाणेच घेऊन.

उन्हाळ्यासाठी मातीची पसरट कुंडी आत्ताच आणा. नळाला पाणी दिवसाआड येवो की चार दिवसांनी, कुंडीचा वाटा आधी काढायचा. फिरवणं सकाळी ऊन चढायच्या आत. तळहाताची मागची बाजू डांबरावर टेकवून बघा, आपल्याला सोसत नसेल तर त्यालाही नाही. धापा टाकत कोसळलाच तर साधं पाणी पोटावर, जांघेत, पायांवर ओता, पंखा लावा आणि तसंच दवाखान्यात न्या. ओली चादर गुंडाळून ठेवू नका, तिच्यात उष्णता कोंडते.

राहिली मनीची टोपली. ती आदल्या दिवशी माळ्यावरून काढली तर मनी दिवसभर दिसत नाही. आठवडाभर आधीच खोलीत उघडी ठेवा, आत तिच्या आवडीची जुनी सोलापुरी चादर घाला आणि तिच्याकडं लक्षच देऊ नका. यंदा मनी तिसऱ्या दिवशी आपणहून आत जाऊन झोपली.